डिस्क जमा करणार नाही

४ नोव्हेंबर, मंगळ.

लॅपटॉपमधून टक् टक् येतंय. आधी वाटलं पाल. सु.ने (बायको, सुनंदा. या वहीत तिला एवढंच अक्षर, बाकी सगळं घर तिचं) ट्यूबलाइटमागे झाडू फिरवला. पाल निघाली नाही. टेबलाला कान लावला, तर आवाज माझ्याच पोटापाण्याच्या साधनातून.

ऊसदराच्या बैठकीची बातमी अर्ध्यावर असताना पडदा थिजला. शेवटी मोबाईलवर लिहून नगरला धाडली. अंगठेबहाद्दर हा शब्द मी आजवर निरक्षरांसाठी वापरत होतो. मागे घेतो.

(नगर म्हणजे अहिल्यानगर. पाटी बदलली, बातमीच्या माथ्यावरचं नाव बदललं. जीभ अजून प्रोबेशनवर आहे.)

सु. म्हणते, टकटक महिनाभर चालू होती, तुम्हाला आज ऐकू आली.

५ नोव्हें., बुध.

रूपालीकडे. स्टँडमागे दुकान, संगणक दुरुस्ती आणि झेरॉक्स. नागापूरच्या एमआयडीसीत बरीच वर्षं सर्किटांना डाग देत होती, मग सुपरवायझरशी भांडून राहुरीत परत. बोलणं अजून त्याच भांडणाच्या पट्टीत.

"काका, डिस्क चाललीय."

"कुठं?"

"वर."

मग तिनं समजावलं. आत तबकडी फिरते, वर सुई तरंगते. सुई टेकायला लागली की टकटक. तिनं विचारलं, लॅपटॉप गाडीवर कुठे ठेवता? म्हटलं, टाकीवरच्या बॅगेत. "आणि जाता नगर-मनमाड रस्त्यानं. मग खड्ड्यांनी मारलीय, दुसरं काय."

या रस्त्याच्या खड्ड्यांवर मी जितक्या बातम्या लिहिल्या, तितक्या दुसऱ्या कशावरही लिहिल्या नसतील. खड्ड्यांनी वाचल्या असाव्यात.

दोन पर्याय आहेत. तशीच फिरणारी नवी डिस्क, किंवा एसएसडी, जिच्यात काहीच फिरत नाही. रूपाली एसएसडीच्या पक्षात. "फिरणारी म्हणजे आता जातं झालं, काका. दळायचं कशाला, पीठ मिळतंय की." पण तिच्याकडे लहानच आहे. माझा पसारा त्यात अर्धाही मावणार नाही. मोठी नगरहून आणावी लागेल.

"एवढं काय आहे तुमच्या डिस्कमध्ये?"

"मेलेली माणसं."

तिला वाटलं, मी विनोद केला.

६ नोव्हें., गुरु.

विनोद नव्हता. इथे मांडून ठेवतो, म्हणजे माझंही डोकं जागेवर येईल.

तालुक्यात कोणी गेलं की निधनवार्ता माझ्याकडे. दहाव्याची, वर्षश्राद्धाची, पुण्यस्मरणाची जाहिरातही माझ्याकडे. लोक फोटो आणतात. कोणी रेशनकार्डावरचा, कोणी लग्नाच्या घोळक्यातला, 'यातला मधला कापून घ्या'. मी स्कॅन करतो, डाग पुसतो, फेटा सरळ करतो आणि मूळ फोटो परत देतो. पुढच्या वर्षी तेच लोक पुन्हा येतात. मूळ फोटो हरवलेला असतो, वाळवीनं खाल्लेला असतो, नाहीतर भाऊबंदकीत भावाकडे गेलेला असतो. "तुमच्याकडं हाय ना?" असतो. आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही.

संध्याकाळी पेपरच्या जिल्हा कार्यालयातून बोऱ्हाडेचा फोन. बोऱ्हाडे बातमी लिहायला शिकला माझ्या ओट्यावर. आता नगरला एसीत बसतो, पण 'सर' म्हणायचं सोडलं नाही. तेवढं खतपाणी लागू पडलं.

"सर, कळलं लॅपटॉप आजारी आहे. काळजी नको. संस्था सगळ्या तालुका वार्ताहरांना नवे देतेय. फुकट."

एवढ्या वर्षांत संस्थेनं मला फुकट दिलेली एकच वस्तू म्हणजे कॅलेंडर. म्हटलं, बोऱ्हाडे, अट सांग.

अट अशी. जुना लॅपटॉप आहे तसा जमा करायचा. आतली डिस्क काढायची नाही. संस्था इंटरनेटवर स्मृतिदालन उघडतेय, दिवंगतांचे फोटो तिथे लावणार. घरच्यांनी वार्षिक वर्गणी भरली की फोटो दिसेल, उतरवून घेता येईल, खाली फुलं वाहता येतील. फुलं निराळी.

"आणि वर्गणी नाही भरली तर?"

"मग फोटो धूसर दिसेल, सर."

पंधरा तारखेच्या आत निर्णय कळवायचा. वार्ताहराच्या ओळखपत्राचं नूतनीकरणही पंधरालाच आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्यावर त्याने "योगायोग" हा शब्द वापरला. मी शिकवलेला नाही.

८ नोव्हें., शनि.

सकाळी खालच्या वाडीची कोंडाबाई. नवऱ्याचं, दगडूचं, वर्षश्राद्ध आहे. फोटो मोठा करून भिंतीला लावायचाय. मूळ फोटो विम्याच्या कागदांबरोबर गेला तो गेलाच.

लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागला की तिचा चहा पिऊन झाला आणि सु.कडून मेथीची जुडी निवडूनही झाली. मग शोध. 'दगडू' लिहिलं तर काही नाही. आडनाव टाकलं, त्यावरही नाही. तेव्हा आठवलं. जाहिरात दिली होती दूध डेअरीच्या चेअरमननं, 'शोकाकुल' म्हणून स्वतःच्या नावाखाली पंधरा कार्यकर्ते टांगून. मी फाइल जाहिरातदाराच्या नावानं ठेवतो. सगळे वार्ताहर तशाच ठेवतात, कारण नगरहून विचारणा येते ती "चेअरमनची जाहिरात गेली का?" अशी. "दगडूची गेली का?" असं कोणी विचारत नाही.

चेअरमनच्या नावाखाली दगडू सापडला. पांढरी टोपी, एक भुवई वर. कोंडाबाई पडद्याजवळ आली.

"ह्यो चेरमनच्या नावाखाली कशापायी पडलाय?"

"पद्धत आहे, बाई."

"जित्तेपनी त्याच्या डेरीला दूध घालनं बंद केलं हुतं यानं. फॅट चोरत्यात म्हनून. आन मेल्यावर त्याच्याच नावाखाली?"

सु. निवडलेली मेथी उचलता उचलता हसली. मी नाही हसलो. फाइलचं नाव बदलून 'दगडू' केलं. त्याला लॅपटॉपनं इतका वेळ घेतला, जणू चेअरमनची परवानगी काढायला गेला होता.

कोंडाबाईला पेन ड्राइव्हवर फोटो दिला. ती तो ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून गेली. जाताना म्हणाली, "ते तुमचं मशीन लई कन्हतंय. दवा करा."

९ नोव्हें., रवि.

पुण्याहून चिरंजीवांचा फोन. संगणकातच नोकरी, त्यामुळे बापाला अडाणी समजण्याचा पगारी अधिकार.

"बाबा, नवा घेऊन टाका. जुनं सगळं क्लाउडवर चढवा."

"ढगावर विसंबून राहिलेला तालुका आहे हा. मुळा धरणाची पातळी बघ आणि मग बोल."

"बाबा, विषय बदलू नका. भंगार आहे ते."

म्हटलं, लॅपटॉप माझ्याहून पुष्कळ लहान आहे, त्याला भंगार म्हणताना जरा अंदाज घे. मग सु.नं फोन घेतला आणि दोघं माझ्याबद्दल मी खोलीत नसल्यासारखं बोलले.

मग त्याला बोऱ्हाडेची गोष्ट सांगितली. विचार करून म्हणाला, कायद्यानं काय ते माहीत नाही, पण त्यांना डिस्क द्यायची नाही असं ठरवलं असेल तर आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, भांडण मागून करा. ती टकटकणारी डिस्क तुमच्या तत्त्वांसाठी थांबणार नाही.

पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

११ नोव्हें., मंगळ.

विल्यम आला. विल्यमराव साळवे. पूर्वी चर्चच्या गल्लीत फोटो स्टुडिओ होता, मोबाईलनं बंद पाडला. माझ्या डिस्कमधल्या निम्म्या दिवंगतांना जिवंतपणी "हनुवटी खाली, श्वास रोखा" त्यानेच सांगितलेलं. मैत्री इतकी जुनी की एकमेकांच्या देवांना आम्ही नावानं ओळखतो.

पिशवीतून वीटभर वजनाची वस्तू काढून टेबलावर आपटली.

"घे. स्टुडिओच्या कॉम्प्युटरची डिस्क. धडधाकट आहे. लाव आणि रडणं बंद कर."

"विल्या, ही टेबलावरच्या कॉम्प्युटरची. लॅपटॉपपेक्षा जाड आहे ती."

"डिस्क ती डिस्क."

"मग माझा शर्ट घालून दाखव."

शर्टाचा मुद्दा त्याला पटला, पोटाकडे बघून. मग म्हणाला, ही नाही जात तर लॅपटॉपची डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेव, त्यानं टकटक थांबते असं कुणीसं सांगितलंय. सु.नं फ्रीजला पाठ लावून उभी राहत सांगितलं, आत मटार आहेत. विषय संपला.

बोऱ्हाडेचं सांगितलं. विल्यमला राग येतो तेव्हा तो शांत होत जातो. म्हणाला, "माझ्या मावशीचा फोटो तुझ्याकडेच आहे ना? 'प्रभूमध्ये निजली' अशी जाहिरात दिली होती. म्हणजे तिला जागी करायला आता मी वर्गणी भरायची?"

खरं म्हणजे त्या जाहिरातीत बोऱ्हाडेनं नगरला 'कैलासवासी' करून टाकलं होतं. मावशी कैलासात आणि चर्चचे पाळक माझ्या दारात. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. असं कार्यालय आता स्मृतिदालन सांभाळणार.

ठरलं. नवा लॅपटॉप घ्यायचा नाही. माझ्याच जुन्यात नवी डिस्क घालायची, सगळी माणसं तिच्यात हलवायची, आणि बोऱ्हाडेला...

शब्द नंतर शोधू.

१२ नोव्हें., बुध.

नगर. एसटीनं गेलो, गाडीवर नाही. मणक्यातल्या डिस्कचाही विचार करायला हवा.

पहिल्या दोन दुकानांत सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्याच डिस्का. मी तोंड उघडायच्या आतच दुकानदारानं विचारलं, "कांद्याच्या चाळीवर बसवायचा का गोठ्यावर?" तालुक्यात माणसापेक्षा कांद्यावर नजर जास्त.

तिसऱ्या दुकानात लॅपटॉपचा माल. काउंटरवर दोघी शेजारी ठेवल्या. संस्कृतात दोघांसाठी निराळं वचन असतं. ते का असतं, ते आज कळलं. दोन वस्तूंपुढे उभ्या असलेल्या माणसाची अवस्था एकवचनातही बसत नाही आणि अनेकवचनातही नाही.

फिरणारी: जागा भरपूर, स्वस्त, सवयीची. दमानं चालणार. पडली की संपली.

एसएसडी: हलकी, बिस्किटाच्या पुड्याएवढीही नाही. धक्के सोसते. तेवढ्याच जागेला बरीच महाग.

विचारलं, हिचं काही वाईट?

दुकानदार प्रामाणिक निघाला. "ही जाताना आवाज करत नाही. एक दिवस चालू होणार नाही, बस्स. ती फिरणारी निदान टकटक करून सांगते."

तिथे मी अडलो. मला सांगून जाणारं बरं वाटतं. मनातल्या मनात फिरणारी उचललीही. मग आठवलं, महिनाभर ती सांगत होती आणि मी ट्यूबलाइटमागे पाल शोधत होतो. आणि घरी न्यायचं त्याच रस्त्यानं, जो माझ्या बातम्यांनी आजवर तसूभर सुधारलेला नाही, पुढेही सुधारायचा नाही.

वॉरंटीचं विचारलं. "डिस्क गेली तर नवी देऊ. आतलं काही मिळणार नाही. आणि बिघडलेली डिस्क आमच्याकडे जमा करावी लागेल." जमा करणे हे या महिन्याचं क्रियापद दिसतंय. म्हटलं, गेली तर जमा करणार नाही, नवीही मागणार नाही. तो म्हणाला, मग वॉरंटीचा उपयोग काय? म्हटलं, तुमच्या समाधानासाठी राहू दे.

मोठी एसएसडी घेतली, म्हणजे कोणाला बाहेर ठेवायची वेळ यायला नको. किंमत इथे लिहीत नाही. सु. ही वही वाचते.

(समासात पेन्सिलीनं, अक्षर तिचं: बिल शर्टाच्या खिशात होतं. शर्ट मी धुते.)

१३ नोव्हें., गुरु.

आजचा दिवस मोठा.

रूपालीनं जुनी डिस्क बाहेर काढून एका वायरला जोडली, नवी दुसऱ्या वायरला. शटर अर्धं खाली ओढलं, गिऱ्हाईक नको म्हणून. विल्यम आणि मी स्टुलावर. जुनी डिस्क टकटकत होती, मध्येच गप्प व्हायची. गप्प झाली की आम्ही स्टुलावरून पुढे वाकायचो.

रूपाली म्हणाली, "काका, ही सगळं वाचू देईल असं मी सांगत नाही. मध्येच बसली तर बसली. आधी काय घेऊ ते सांगा. एकदा सुरू केलं की बदलायचं नाही."

आत दोनच मोठ्या गोष्टी. एक, या तालुक्याच्या दिवंगतांचे फोटो. दुसरी माझी: सगळ्या बातम्या, कात्रणं, मुलाखतींचे आवाज, आणि तालुक्यातल्या शिलालेखांवरचं पुस्तक, जे मी इतकी वर्षं लिहितोय की काही शिलालेख तोवर झिजले. पुस्तकाची दुसरी प्रत नाही. लहानपणी संस्कृत पाठशाळेत आम्हाला वही जवळ ठेवू देत नसत, पाठ असेल तेवढंच आपलं. ती वही न ठेवायची सवय जायला हवी होती, आणि गेली ती नेमकी पाठांतराची.

विल्यम म्हणाला, "पुस्तक आधी घे रे. लहान आहे, पटकन होईल."

रूपाली म्हणाली, लहानमोठं नाही, ते डिस्कच्या खराब भागात आहे. तिथे सुई नेली तर पुढचं काही मिळेल याची खात्री नाही.

"माणसं आधी," मी म्हटलं.

"नक्की?"

"पुस्तकासाठी कोणी पदरात पेन ड्राइव्ह बांधून नेणार नाही."

तिनं बटण दाबलं. निळी पट्टी सरकू लागली. पडद्यावर फाइलींची नावं धावत होती: सरपंच, चेअरमन, सभापती, माजी सभापती, मित्रमंडळ, पुन्हा चेअरमन. जिवंतांची नावं नुसती, आणि प्रत्येकाखाली एक मेलेला माणूस.

चहा झाला. परत चहा झाला. विल्यमनं शटरबाहेर जाऊन बहुधा प्रार्थना केली. विचारलं तर म्हणाला, तंबाखू.

माणसं सगळी आली.

मग रूपालीनं माझा फोल्डर घेतला. बातम्या यायला लागल्या. पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि जुन्या डिस्कनं एक लांब कर्रर्र असा आवाज काढला. त्यानंतर काही नाही. रूपालीनं वायर काढून लावली, पुन्हा काढली. मग हात पुसला.

"काका..."

"पुस्तक?"

तिनं नाही अशी मान हलवली.

वाचकांवर उपकार झाले, असं मी मोठ्यानं म्हणालो. विल्यम हसला नाही. बरंच झालं. हसला असता तर आज मित्र गेला असता.

१४ नोव्हें., शुक्र.

आज काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

नवी डिस्क बसवलेला लॅपटॉप मात्र उघडला. बटण दाबून चष्मा शोधायला वळलो, तोवर सुरू. इतकी घाई मला झेपत नाही. सुरू होण्याच्या वेळात पूर्वी मी बातमीचं पहिलं वाक्य जुळवायचो. आता ते वाक्य स्वतःच्या वेळेत जुळवावं लागणार.

सु.नं दुपारी विचारलं, पुस्तकातलं काय काय आठवतं? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, पहिल्या प्रकरणात तुम्ही तो देवळाच्या उंबऱ्यावरचा लेख लिहिला होता, लोक ज्याच्यावर नारळ फोडतात. मला तिसऱ्यांदा वाचून दाखवलात तेव्हा मी झोपले होते, पण पहिल्या दोनदा जागी होते.

तिला बरंच आठवतंय. मला वाटायचं, ती ऐकत नाही.

बोऱ्हाडे, फोनवर: "सर, डिस्क गेली असं ऐकलं. हरकत नाही. गेलेलीही चालेल. पुण्याला आमचे लोक आतलं काढतात."

म्हणजे यांना मेलेलीही हवी. आणि आत माझं पुस्तक आहे. पुण्याचे लोक आतलं काढतात म्हणे.

हे मात्र अवघड आहे.

१५ नोव्हें., शनि.

रात्री झोप चांगली लागली, याचं आश्चर्य वाटतं.

हिशेब सरळ आहे. डिस्क दिली तर पुस्तक कदाचित मिळेल. ओळखपत्र मिळेल, नवा लॅपटॉपही. आणि कोंडाबाईचा दगडू, एक भुवई वर करून, वर्गणी भरेपर्यंत धूसर.

बोऱ्हाडेला म्हटलं, "तू म्हणतोस फोटो संस्थेचा, कारण जाहिरात संस्थेच्या पानावर आली. मग ज्या भिंतीवर पत्रक चिकटवलं, तिचाही फोटोवर हक्क."

"सर, भावनिक होऊ नका."

"भावनिक असतो तर पुस्तकासाठी डिस्क दिली असती."

लेखी उत्तर मागितलं म्हणून लिहायला बसलो. पहिला खर्डा दीड पान. त्यात 'न्यास' शब्द, म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली वस्तू, आणि ती परत कशी द्यावी यावर शास्त्रकारांचं मत. विल्यमला वाचून दाखवला.

"संस्कृत काढ."

काढलं. पाऊण पान उरलं.

"आता राग काढ."

काढला. उरलं ते असं: 'डिस्क जमा करणार नाही. फोटो ज्यांचे त्यांना परत देणार आहे. कळावे.'

"कळावे ठेवू का?"

"ठेव. त्यातच सगळा राग आहे."

पाठवलं. जुनी डिस्क सु.नं देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली, कापडात गुंडाळून. रूपाली म्हणते, असली कामं करणारे खाजगी लोकही असतात, महाग पडतं, होईल याची हमी नाही. बघू. निदान ती घरात आहे.

१७ नोव्हें., सोम.

कोंडाबाईनं वाडीत काय सांगितलं कोण जाणे. सकाळपासून ओट्यावर माणसं. "आमचा बी हाय का बघा."

अडचण एकच. फाइलींना नावं जिवंतांची. म्हणून लॅपटॉप ओट्यावर ठेवला, एकेक फोटो उघडायचा आणि कोण ते लोकांनी सांगायचं. विल्यमनं जुना प्रिंटर आणला. रूपाली दुकान बंद करून आली, कारण सांगितलं प्रिंटरचं. प्रत्यक्षात तमाशा बघायला.

"ह्यो दामू."

"दामू कुठला, दामूचा थोरला भाऊ. कानाकडं बघा की."

"कान काय बघायचे, टोपी दामूची हाय."

"टोपी काय, कुनीबी घालतंय."

दोन्ही घरं ऐकेनात. विल्यमनं काढलेला फोटो, पण त्यालाही आठवेना. शेवटी त्यानं दोन प्रती काढल्या. "न्या दोघं. भिंतीवर गेल्यावर तोच सांगेल कुणाचा ते." दोन्ही घरं समाधानानं गेली. मी फाइलला नाव दिलं 'दामू किंवा थोरला'. चेअरमनपेक्षा हे बरं.

एक सभापती आले. त्यांच्या नावाखाली सर्वांत जास्त फाइली. त्यांना वाटलं, सगळे फोटो त्यांचेच. एका म्हातारीनं कोपऱ्यातून विचारलं, "सायेब, यातलं तुमचं मेलंय कोन?" साहेबांना अचानक मीटिंग आठवली.

दुपारी नगरहून मोरे आला, कार्यालयाचा माणूस. हातात नव्या लॅपटॉपचं खोकं, बोऱ्हाडेनं पाठवलेलं. जुना घेऊन जायला सांगितलं होतं. ओट्यावरची गर्दी बघून बिचारा फाटकातच थांबला. सु.नं बोलावून चहा दिला. त्यानं हळूच विचारलं, "सर, मी काय सांगू तिकडे?"

"जे दिसतंय ते. पाच मुद्दे असतात बातमीत: कोण, काय, कुठे, केव्हा, का. का सोडून दे, ते त्यांना माहीत आहे."

खोकं परत नेलं. जाताना म्हणाला, ओळखपत्रांच्या आजच्या यादीत तुमचं नाव नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत होतं. माहीत नव्हतं. अंदाज होता.

कोंडाबाई शेवटपर्यंत बसून. तिला काही न्यायचं नव्हतं. म्हणाली, "तुमचं काय ग्येलं म्हनत्यात?"

"पुस्तक लिहीत होतो, बाई. दगडांवरच्या अक्षरांचं."

"दगडं हायेत ना जागेवर?"

"आहेत."

"मग झालं की." आणि उठली. तिला यात काही मोठं वाटलं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

ओळखपत्र नाही. म्हणजे आजपासून मी वार्ताहर आहे की नुसता लिहिणारा, हे ठरायचंय. कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यानं मला कार्डाविना सोडलं, पण तो माझ्या बहिणीच्या सासरचा. पुरावा म्हणून कच्चा.

बातमी मात्र केली. नेहमीसारखीच, याच लॅपटॉपवर, आणि नगरला धाडली.

'राहुरी, ता. १८ (वार्ताहराकडून): तालुक्यातील दिवंगतांची छायाचित्रे त्यांच्या कुटुंबीयांना परत देण्याचे काम येथे सुरू असून त्यासाठी कोणतीही वर्गणी नाही. ज्यांचे छायाचित्र पूर्वी जाहिरातीत आले असेल त्यांनी येऊन पाहावे. छायाचित्र धूसर असल्यास स्वच्छ करून मिळेल.'

शेवटचं वाक्य सु.चं. तिनं सांगितलं आणि मी जसंच्या तसं घातलं. संपादन करायला शब्दच जास्त नव्हता.

बोऱ्हाडे ही छापेल का? वार्ताहर म्हणून छापेल की नाव गाळून छापेल? की केराच्या टोपलीत? शिकवलं तर मीच आहे त्याला, आणि मी शिकवलं होतं की बातमी खरी असेल तर मालकाचं तोंड बघायचं नाही. त्याच्या किती लक्षात आहे ते उद्याच्या अंकात दिसेल.

उंबऱ्यावरच्या लेखाची पहिली ओळ सकाळी सु.नं सांगितली, मी लिहून घेतली. दुसऱ्या ओळीवर आमचं भांडण झालं. ती म्हणते, मी तिथे चूक वाचली होती. उद्या देवळात जाऊन नारळाची शेंडी बाजूला करून बघायचं ठरलंय.

फोन वाजतोय. सु. आतून म्हणाली, नगरचा आहे, घ्या. मी फोनकडे पाठ करून विचारलं, चहाची गाळणी कुठे आहे? ती म्हणाली, जिथे असते तिथे. फोन अजून वाजतोय. गाळणी तिथे नाही.